दोन पाख्यांची सौर पॅनेल आणि एक इन्व्हर्टर : तोटा कोठे होतो?

मावळ तालुक्यात आणि लोणावळा-खंडाळा परिसरात दुकाने, बेकऱ्या, गॅरेज, फर्निचरचे कारखाने आणि चिक्कीच्या भट्ट्या यांच्या छपरांवर सौर पॅनेल दिसू लागली आहेत. विजेचे व्यापारी दर पाहता हे साहजिकच आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू केलेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट व त्याहून मोठ्या प्रणालीला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले. परंतु ते घरगुती जोडणीसाठी. दुकानाच्या किंवा कारखान्याच्या मीटरवर पॅनेल बसविणाऱ्याला सारी रक्कम स्वतःच्या गल्ल्यातून घालावी लागते. तेव्हा छपरावर चढविलेले प्रत्येक पॅनेल कमावते आहे की नाही, हे पाहणे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना भाग आहे.

प्रस्तुत लेखात आम्ही एकाच दोषाचा विचार करणार आहोत. तो असा की, छपराच्या दोन वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेली पॅनेल एकाच माळेत ओवून एका इन्व्हर्टरला जोडली जातात. पॅनेल चांगली असतात, इन्व्हर्टर चांगला असतो, वायरही नामांकित कंपनीची असते. तरीही वीज कमी येते. पॅनेल, इन्व्हर्टर व वायर एकेक करून तपासली तर सारे ठीक निघते. चूक केवळ जोडणीत असते, म्हणून ती सहसा सापडत नाही.

हा दोष आपल्याच भागात का?

पुणे किंवा पिंपरी-चिंचवडकडे बहुतेक इमारतींना सपाट स्लॅब असतो. तेथे लोखंडी सांगाडा उभा करून सर्व पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसविता येतात. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. अशा ठिकाणी सपाट छप्पर म्हणजे गळतीला आमंत्रण. म्हणून येथे पूर्वापार कौलारू आणि आता पत्र्याची दुपाखी छपरे बांधली जातात. मध्ये आढे आणि दोन बाजूंना दोन पाखी. सौर पॅनेल पत्र्यालगत बसविली की त्यांची दिशा पाखे ठरविते. आपल्या मर्जीचा प्रश्न उरत नाही.

आता आणखी एक गोष्ट पाहा. लोणावळ्याहून कामशेत, वडगाव व तळेगावकडे येणारा जुना मुंबई-पुणे रस्ता आणि रेल्वेचा मार्ग हे दोन्ही साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. वळणे आहेत, पण एकंदर रोख तोच. रस्त्याला तोंड करून बांधलेल्या आणि रस्त्याला समांतर आढे असलेल्या दुकानाचे एक पाखे दक्षिणेला व दुसरे उत्तरेला येते. ज्यांचे आढे रस्त्याशी काटकोनात आहे, म्हणजे त्रिकोणी भिंत रस्त्याकडे आहे, त्यांची पाखी पूर्वेला व पश्चिमेला. या दोन प्रकारांत तोट्याची वेळ आणि तोट्याचा महिना निरनिराळा असतो, हे पुढे दिसेल.

दाब व प्रवाह

वीज म्हणजे काय हे लोणावळ्याच्या माणसाला पाण्यावरून समजावणे सोपे जाते. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी घाटावरून मोठ्या नळांतून खाली सोडून खोपोलीच्या टाटा वीजगृहात 1915 सालापासून वीज तयार होऊ लागली. पाणी पाचशे मीटरहून अधिक खोल उतरते. तेथे शक्ती दोन गोष्टींवर ठरते : पाणी किती उंचीवरून येते आणि किती पाणी येते. उंची भरपूर पण धार बारीक, तर चाक जोराने फिरणार नाही. सौर पॅनेलमध्ये उंचीच्या जागी व्होल्ट आहेत आणि पाण्याच्या जागी अँपिअर. दोहोंचा गुणाकार म्हणजे वॉट.

पॅनेलचा स्वभाव असा की, ऊन कमी-जास्त झाले की अँपिअर त्याच प्रमाणात कमी-जास्त होतात. व्होल्ट मात्र फारसे हलत नाहीत. ऊन निम्मे झाले तर अँपिअर निम्मे होतात, व्होल्ट शेकडा तीन-चारच उतरतात. कमी उन्हातले पॅनेल थोडे थंड राहते आणि थंड पॅनेलचे व्होल्ट वाढतात, म्हणून ही घटही काही अंशी भरून निघते. पुढील सारा हिशेब या एका स्वभावावर उभा आहे; तेवढा ध्यानात राहू द्यावा.

आता पॅनेल एकामागून एक जोडली, म्हणजे वायरमनच्या भाषेत सिरीजमध्ये स्ट्रिंग केली, तर व्होल्ट एकमेकांत मिळत जातात. पण अँपिअर सगळ्या माळेत एकच असतो. एकाच नळातून पाणी जात असेल तर नळाच्या सुरुवातीला जेवढे पाणी, शेवटालाही तेवढेच. मध्ये एक तुकडा अरुंद असला की सगळ्या नळाची धार तेवढीच होते. माळेतील दहा पॅनेलांपैकी पाच अंधुक उन्हात असतील तर ती पाच त्या नळातला अरुंद तुकडा ठरतात.

कामशेतच्या सुताराचा हिशेब

समजा, कामशेतमध्ये एका सुतार बांधवाचा कारखाना आहे. पत्र्याचे दुपाखी छप्पर, उतार वीस अंशांचा, एक पाखे दक्षिणेला आणि एक उत्तरेला. त्याने 540 वॉटची दहा पॅनेल घेतली. असे पॅनेल सुमारे सव्वादोन मीटर लांब व मीटरभराहून थोडे अधिक रुंद असते. दक्षिणेच्या पाख्यावर पाचच मावली, म्हणून उरलेली पाच उत्तरेच्या पाख्यावर गेली. भर उन्हात असे पॅनेल सुमारे 41 व्होल्ट आणि 13 अँपिअर देते. दहाही पॅनेल एका माळेत जोडून इन्व्हर्टरला दिली.

डिसेंबरच्या 22 तारखेच्या सुमारास आपल्या भागात भर दुपारी सूर्य दक्षिण क्षितिजापासून सुमारे 48 अंशच वर असतो. दक्षिणेच्या पाख्यावर ऊन जवळजवळ समोरून पडते, उत्तरेच्या पाख्यावर फार तिरपे. कोनांचा हिशेब केला तर थेट ऊन दक्षिणेच्या पाख्यावर शेकडा 93 आणि उत्तरेच्या पाख्यावर शेकडा 47 एवढे मोजले जाते. म्हणजे बरोबर निम्मे. त्याप्रमाणे दक्षिणेची पॅनेल 12 अँपिअर देऊ शकतात आणि उत्तरेची 6 अँपिअर.

दोन्ही पाखी वेगळी जोडली असती तर दक्षिणेची पाच पॅनेल 5 गुणिले 41 गुणिले 12, म्हणजे 2,460 वॉट देतात. उत्तरेची पाच 1,230 वॉट देतात. बेरीज 3,690 वॉट.

एकाच माळेत काय होईल? इन्व्हर्टरपुढे दोन वाटा असतात. पहिली वाट अशी की, साऱ्या माळेतून 6 अँपिअरच घ्यावेत. तसे केले तर 10 गुणिले 41 गुणिले 6, म्हणजे 2,460 वॉट. दुसरी वाट अशी की, 12 अँपिअर खेचावेत. उत्तरेची पॅनेल एवढे देऊ शकत नाहीत. अशा वेळी त्यांच्या पाठीवरील पेटीतील बायपास डायोड (एका पॅनेलमध्ये सहसा तीन असतात) वाट मोकळी करून देतात आणि प्रवाह त्या पॅनेलांना वळसा घालून जातो. मग पाचच पॅनेल काम करतात : 5 गुणिले 41 गुणिले 12, म्हणजे पुन्हा 2,460 वॉट.

कोणत्याही वाटेने गेले तरी 2,460. उत्तरेच्या पाख्यावरील पाच पॅनेल त्या दुपारी छपरावर नसती तरी मीटरला फरक कळला नसता. दहा पॅनेलांचे पैसे मोजले आणि कमाई पाचांची झाली. एक तृतीयांश वीज गेली. आणि याहून वाईट प्रमाण नाही, कारण दोन सारख्या हिश्श्यांच्या माळेत एका बाजूचे ऊन दुसऱ्या बाजूच्या बरोबर निम्मे असते तेव्हाच सर्वांत मोठा तोटा होतो. ऊन निम्म्याहून अधिक असले तर पहिली वाट बरी पडते, निम्म्याहून कमी असले तर दुसरी. तोटा दोन्हीकडे उतरत जातो. योगायोग असा की, वीस अंशांचे दुपाखी छप्पर, मावळचे स्थान आणि डिसेंबरची दुपार ही तिन्ही जुळली की नेमके तेच निम्मे प्रमाण येते.

वर केवळ थेट उन्हाचा हिशेब धरला आहे. आकाशातून विखुरलेला थोडा प्रकाश दोन्ही पाख्यांवर पडतोच, त्यामुळे प्रत्यक्षात निरभ्र हिवाळी दिवशी तोटा चौथ्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत धरावा. या सुताराच्या बाबतीत तो दिवसाला चार-पाच युनिट होईल. नोव्हेंबर ते जानेवारी अशा तीन महिन्यांत ढोबळ मानाने चारशे युनिट. आपल्या बिलावरील दराने गुणून पाहावे.

मे महिन्यातील चाचणी फसवी

हाच हिशेब वर्षाच्या इतर महिन्यांसाठी केला तर चित्र पालटते. 21 मार्चच्या सुमारास दुपारी दक्षिणेच्या पाख्याला पूर्ण ऊन आणि उत्तरेच्या पाख्याला शेकडा 78. एका माळेतला तोटा सुमारे आठवा हिस्सा. मे महिन्याच्या मध्यास आपल्याकडे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्या दिवशी दुपारी दोन्ही पाख्यांना सारखेच ऊन, तोटा शून्य. त्यानंतर जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क किंचित उत्तरेला असतो. जूनमध्ये उत्तरेचे पाखे दक्षिणेच्या पाख्यापेक्षा थोडे अधिक ऊन घेते, आणि तोटा शेकडा तीनच्या आसपास राहतो.

आता विचार करा. पावसाआधी काम उरकून घ्यावे म्हणून आपल्याकडे पुष्कळ प्रणाली एप्रिल-मेमध्ये बसतात. ठेकेदार दुपारी इन्व्हर्टर चालू करून दाखवितो, पडद्यावर भरघोस आकडा दिसतो, मालक समाधानाने उरलेली रक्कम देऊन टाकतो. ज्या महिन्यात हा दोष दिसूच शकत नाही, नेमक्या त्याच महिन्यात चाचणी होते!

पुढे पाऊस सुरू होतो. जून ते सप्टेंबर लोणावळ्यावर ढग आणि धुके बसलेले असते. ढगाळ प्रकाश सगळ्या आभाळातून सारखा येतो, त्याला दिशा नसते. म्हणून दोन्ही पाख्यांचे अँपिअर जवळजवळ सारखे राहतात. एकंदर वीज थोडी असते, पण मिश्र माळेचा असा वेगळा तोटा नसतो. मालक म्हणतो, पावसाळा आहे, वीज कमी येणारच. घाटमाथ्यापासून तीसेक किलोमीटर पूर्वेला तळेगावकडे पाऊस बराच कमी आहे आणि तेथे उघडीप लवकर मिळते, म्हणून तेथील कारखानदाराला दोष थोडा आधी जाणवेल. लोणावळ्याच्या दुकानदाराला तो दिवाळीच्या पुढेच जाणवतो. तोपर्यंत ठेकेदाराचा हिशेब चुकता झालेला असतो आणि उत्तर तयार असते : हिवाळ्यात दिवस लहान, ऊन कोवळे. हे उत्तर निम्मे खरे आहे, म्हणूनच ते पटते.

पूर्व-पश्चिम पाखी

ज्यांचे आढे उत्तर-दक्षिण आहे त्यांच्याकडे तोटा महिन्याऐवजी तासाप्रमाणे फिरतो. मार्चमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये सूर्य माथ्यावर येण्याआधी दोन तास पूर्वेच्या पाख्याला शेकडा 94 आणि पश्चिमेच्या पाख्याला शेकडा 60 थेट ऊन मिळते. पाच आणि पाच पॅनेलांची एक माळ असेल तर वेगवेगळ्या जोडणीतून 4,100 वॉट मिळावयाचे तेथे 3,200 मिळतात. शेकडा 22 तोटा. भर दुपारी दोन्ही पाखी समान, तोटा नाही. दुपारनंतर दोन तासांनी पुन्हा तेवढाच तोटा, फक्त बाजू उलट. अशा छपराची दुपारची चाचणी बाराही महिने उत्तीर्ण होते.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. पूर्व-पश्चिम पाखी वाईट नाहीत. आपण विषुववृत्तापासून फार दूर नाही. आपल्या अक्षांशावर कमी उताराच्या पूर्व-पश्चिम पाख्यांची वर्षाची वीज दक्षिणेच्या पाख्यापेक्षा शेकडा सहा-आठच कमी असते. उलट सकाळी लवकर भट्टी पेटविणाऱ्या बेकरीवाल्याला किंवा संध्याकाळपर्यंत डीप फ्रीझर व दिवे चालविणाऱ्या चिक्कीच्या दुकानदाराला दिवसभर पसरलेली वीज सोयीचीच. उत्तरेचे पाखेसुद्धा अगदीच निरुपयोगी नाही; वीस अंश उतारावर ते वर्षाकाठी दक्षिणेपेक्षा ढोबळ मानाने पाचवा हिस्सा कमी देते. दोन पाखी वापरण्यात काही वावगे नाही. ती एका माळेत ओवण्यात नुकसान आहे.

मग वायरमन अशी माळ का करतो? प्रत्येक वेळी अज्ञान किंवा लबाडी हेच कारण नसते. एक कारण वायरची बचत. दुसरे अधिक रास्त आहे : इन्व्हर्टर सुरू होण्यासाठी व नीट चालण्यासाठी माळेला किमान काही व्होल्ट लागतात, आणि ही मर्यादा प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. तीन किलोवॉटच्या लहान प्रणालीत सहाच पॅनेल असतात. तीन-तीनच्या दोन माळा केल्या तर प्रत्येकीला सव्वाशे व्होल्टही मिळत नाहीत. काही इन्व्हर्टर त्यावर जागेच होत नाहीत. म्हणून तो सहाही एका माळेत घालतो आणि इन्व्हर्टर चालू झाल्याचे समाधान मानतो.

उपाय

इन्व्हर्टरमध्ये माळेच्या व्होल्ट-अँपिअरचा सर्वांत फायद्याचा मेळ सतत शोधणारा एक भाग असतो. त्याला एमपीपीटी म्हणतात. सरळ उपाय असा की, दोन एमपीपीटी असलेला इन्व्हर्टर घ्यावा, दक्षिणेची माळ एकाला आणि उत्तरेची माळ दुसऱ्याला द्यावी. आपल्या सुताराला याने डिसेंबरच्या दुपारी 2,460 ऐवजी 3,690 वॉट मिळतील. पाच पॅनेलांच्या माळेला दोनशे व्होल्टच्या आसपास मिळतात. तेवढ्यावर निवडलेले मॉडेल चालते की नाही, हे माहितीपत्रकात आधी पाहावे.

मात्र इन्व्हर्टरच्या तळाशी वायर जोडण्याच्या दोन जोड्या दिसल्या म्हणजे दोन एमपीपीटी आहेत असे मानू नये. पुष्कळ मॉडेलांत दोन जोड्या आतून एकाच एमपीपीटीला मिळालेल्या असतात. माहितीपत्रकात एमपीपीटीची संख्या आणि प्रत्येकामागे माळांची संख्या हे दोन आकडे वेगवेगळे छापलेले असतात. खरेदीच्या वेळी पाहावयाचा आकडा पहिला.

एकच एमपीपीटी असलेला इन्व्हर्टर आधीच गळ्यात पडला असेल तरी निराश होण्याचे कारण नाही. दोन पाख्यांच्या दोन स्वतंत्र माळा करून त्या समांतर, म्हणजे पॅरललमध्ये, जोडता येतात. समांतर जोडणीत व्होल्ट एक होतात आणि अँपिअर मिळत जातात. पॅनेलचा जो स्वभाव आम्ही वर सांगितला तो येथे कामी येतो : उन्हातील फरकाने व्होल्ट फारसे हलत नाहीत, म्हणून दोन माळांचे व्होल्ट आपोआप जवळजवळ जुळलेले असतात. तोटा साधारण शेकडा एकच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहतो. हजारो रुपयांचा नवा इन्व्हर्टर घेण्याऐवजी थोडी वायर आणि अर्ध्या दिवसाची मजुरी, एवढ्यावर काम भागते. अट एवढीच की, दोन्ही माळांत पॅनेलांची संख्या व मॉडेल एकच असावे. एका माळेत सहा आणि दुसरीत चार अशी समांतर जोडणी केली तर व्होल्टच जुळणार नाहीत आणि नवा तोटा ओढवेल. तसेच दोन माळांचे मिळून होणारे अँपिअर इन्व्हर्टरच्या मर्यादेत बसतात हे पाहावे. तीन किंवा अधिक माळा समांतर असतील तर प्रत्येक माळेला फ्यूज हवा.

चार बाजूंनी उतरणारे बंगल्याचे छप्पर, मध्ये खिडकी, बाजूला आंब्याची सावली अशी अवस्था असेल तर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रो इन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर लावण्याची पद्धत आहे. खर्च अधिक येतो. साध्या दुपाखी छपराला याची गरज नाही, आणि ठेकेदाराने आग्रह केला तरी आधी दोन एमपीपीटीचा भाव विचारावा. सहा पॅनेलांच्या लहान प्रणालीत, जेथे माळेला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत, तेथे मात्र मायक्रो इन्व्हर्टरचा विचार रास्त ठरतो. अथवा दक्षिणेच्या पाख्यावर मावतील तेवढीच पॅनेल घ्यावी आणि उत्तरेचे पाखे मोकळे ठेवावे. आमच्या मते लहान दुकानदाराला हा शेवटचा मार्ग सर्वांत स्वस्त पडतो.

उत्तरेच्या पाख्यावर उंच सांगाडा उभारून पॅनेलांचे तोंड दक्षिणेला फिरविण्याचा सल्लाही काही जण देतात. घाटमाथ्यावरील पावसाळी वारा लक्षात घेता हा सल्ला आम्हाला पसंत नाही. असा सांगाडा शिडासारखा वारा धरतो, पत्र्याला अधिक भोके पडतात आणि पुढच्या रांगेची सावली मागच्या रांगेवर पडते.

आणखी एक किरकोळ वाटणारा प्रकार. नऊ पॅनेल एका पाख्यावर बसली आणि दहावे जागा नाही म्हणून दुसऱ्या पाख्यावर टाकून त्याच माळेत जोडले. येथे इन्व्हर्टरने शहाणपणा केला तर तो त्या एकाला वळसा घालतो आणि नऊ पॅनेल पूर्ण चालतात. एका पॅनेलचे पैसे वाया. पण इन्व्हर्टर कधी कधी खालच्याच मेळावर अडकून बसतो आणि त्या एकापायी नऊ पॅनेल रखडतात. काही इन्व्हर्टरमध्ये सावलीसाठी संपूर्ण पल्ला तपासण्याची सोय असते. ती बंद असेल तर चालू करून घ्यावी. खरे तर ते दहावे पॅनेल न घेणेच बरे.

कोटेशनमध्ये काय मागावे

ठेकेदाराचे कोटेशन सहसा किलोवॉट, पॅनेलची कंपनी, इन्व्हर्टरची कंपनी आणि रक्कम एवढ्यावर संपते. आपण त्यात एक साधा नकाशा मागावा : कोणत्या पाख्यावर किती पॅनेल, कोणते पॅनेल कोणत्या माळेत, आणि कोणती माळ कोणत्या एमपीपीटीला. हा कागद काढण्यास जाणत्या माणसाला दहा मिनिटे पुरतात. जो टाळाटाळ करील त्याला काम देण्यापूर्वी दोनदा विचार करावा. शिवाय बिलाचा शेवटचा लहानसा हप्ता डिसेंबरच्या चाचणीनंतर देण्याची अट आधीच लेखी घालून घ्यावी. मेमध्ये काम झाले तर ठेकेदार कुरकुर करील. पण वर दिलेला हिशेब त्याच्यापुढे ठेवला तर त्याच्याजवळ उत्तर नाही.

ज्यांची प्रणाली आधीच बसली आहे त्यांनी छपरावर चढू नये, आणि उन्हात पॅनेलांचे कनेक्टर कदापि ओढून काढू नयेत. माळेत शेकडो व्होल्ट डीसी असतात. चालू प्रवाहात जोड सुटला की ठिणगी विझत नाही आणि हात भाजतो. फेरजोडणी करणाऱ्या वायरमनलाही आधी इन्व्हर्टर व डीसी स्विच बंद करावयास लावावे. तपासणी मात्र खाली उभे राहूनच होते, कारण बहुतेक इन्व्हर्टरच्या पडद्यावर किंवा मोबाइलवरील ॲपमध्ये प्रत्येक एमपीपीटीचे व्होल्ट आणि अँपिअर दिसतात.

उत्तर-दक्षिण पाखी असतील तर डिसेंबरचा निरभ्र दिवस निवडावा. आपल्याकडे सूर्य माथ्यावर घड्याळाच्या बाराला येत नाही, साडेबाराच्या थोडा पुढे येतो. ती वेळ धरावी. पूर्व-पश्चिम पाखी असतील तर मार्चमध्ये सकाळी साडेदहा ते पावणेअकराच्या दरम्यान पाहावे. एकच माळ असेल आणि व्होल्ट पूर्ण पण अँपिअर अपेक्षेच्या निम्मे दिसत असतील, तर अंधुक पाखे साऱ्या माळेला मागे ओढते आहे. अँपिअर भरपूर पण व्होल्ट निम्मे असतील, तर त्या पाख्याची पॅनेल वळसा घालून सोडून दिली आहेत.

दोन एमपीपीटी असतील तर डिसेंबरच्या दुपारी दक्षिणेच्या एमपीपीटीवर उत्तरेच्या जवळपास दुप्पट अँपिअर दिसले पाहिजेत. पुष्कळांना दोन्ही आकडे अगदी सारखे पाहून बरे वाटते. दोन पाख्यांच्या छपरावर त्या वेळी आकडे सारखे असतील तर प्रत्येक माळेत दोन्ही पाख्यांची पॅनेल मिसळली आहेत, असे समजून वायरमनला बोलावणे धाडावे आणि येताना त्याला माळांचा नकाशा घेऊन यावयास सांगावे.